पावसात लोकल चालू आहे की बंद, हे फोनवर खात्रीने कुठे कळेल?

तुमच्या प्रश्नाच्या शेपटाला जोडलेलं वाक्य, 'वेधशाळेचा काही नेम नाही, त्यापेक्षा सोसायटीच्या ग्रुपवर आधी कळतं', हे आधी घेतो. साफ चूक आहे.

बातम्यांत मुंबईचे दोन आकडे येतात, कुलाबा आणि सांताक्रूझ, आणि पावसाचा 'दिवस' सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३० असा मोजतात. म्हणजे सकाळी दिसणारे दीडशे मिमी आधीच पडून गेलेले असतात. लोक आकडा वाचतात, खिडकीबाहेर ऊन बघतात आणि वेधशाळेला शिव्या घालतात. जागेचंही तेच. २६ जुलै २००५ च्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, कुलाब्याला ७४. ऑरेंज अलर्ट म्हणजे जिल्ह्यात काही ठिकाणी ११५.६ ते २०४.४ मिमी होऊ शकतो, एवढंच. तुमच्या गल्लीचं नाव त्यात नसतं.

पुढच्या तास-दोन तासांसाठी अलर्ट नको, रडार बघा. हवामान विभागाच्या साइटवर कुलाबा आणि वेरावलीची चित्रं असतात. आधी चित्रावरची वेळ वाचा. पुढे यूटीसी (म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) किंवा नुसता झेड (Z) असेल तर ५ तास ३० मिनिटं मिळवायची: ०१:४० म्हणजे आपले सकाळचे ७:१०. हे न कळल्यामुळे 'रडार बंद पडलंय' असं दरवर्षी कुणीतरी ग्रुपवर टाकतंच. एकाच चित्रावर जाऊ नका, लागोपाठची तीन-चार बघा, ढग कुठे सरकतायत ते कळतं. जोडीला भरतीची वेळ. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पर्जन्यवाहिन्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही, दादरच्या सखल हिंदमाताला तुंबतं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे जाते, कालची आज चालत नाही.

आता ग्रुपवरचा 'आत्ताचा सायन' व्हिडिओ. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्यावर दुहेरी बाण असेल तर तो किमान पाच हातांतून फिरून आलाय, म्हणजे 'आत्ताचा' यावर लगेच विश्वास नको. स्टेशनची पाटी किंवा इंडिकेटर दिसतो तिथे व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट काढा, गूगल लेन्सला द्या. जुना असेल तर बहुतेक वेळा तिथेच सापडतो. डबे जुन्या लोकलसारखे पिवळे-तपकिरी दिसले तर तेवढीही मेहनत नको, व्हिडिओ जुनाच. आणि कुणाच्या ट्वीटचा स्क्रीनशॉट आला तर वेळ कापलेली आहे का बघा. कापलेली असेल तर सोडून द्या.

लोकलचं थोडक्यात. एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या अ‍ॅपवर '८:१२ आहे' हे टाइमटेबल झालं, गाडी निघाली असा त्याचा अर्थ नाही. मध्य रेल्वेला 'यात्री' अ‍ॅपवर गाडीचा ठिपका बघा. मध्य आणि पश्चिम दोघांची एक्सवरची अधिकृत खाती उघडा, पण पोस्ट किती मिनिटांपूर्वीची ते बघूनच. रस्त्यात पाणी असेल तर पालिकेचा हेल्पलाइन नंबर १९१६.

एक मात्र तुमच्या बाजूने. कुर्ला-सायनच्या मध्ये गाडी उभी राहिली की ठिपकाही उभा राहतो, का ते सांगत नाही. ते आधी एम-इंडिकेटरच्या ट्रेन चॅटवर, त्याच डब्यात उभा असलेला कुणीतरी लिहितो. दोन वेगवेगळ्या डब्यांतून तेच आलं की खरं धरा आणि बसची रांग पकडा.