इंग्रजीवरून नको

अनुवादक वेल्चेरु नारायणरावांच्या इंग्रजी पुस्तकांवरून तेलुगू साहित्य मराठीत आणलं तर चालेल का, तेलुगू येत नाही, असं तुम्ही विचारलंय. परवानगी घेतलीत तर चालेल. मी वाचणार नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, शाळेत मराठी. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला तेलुगू कथा मराठीत करून पाठवली. ती परत आली, आणि त्याच कथेचा कुणीतरी इंग्रजीवरून केलेला अनुवाद छापून आला. कथेतल्या पोरीचं लग्न तिच्या बावाशी, म्हणजे अत्तच्या मुलाशी ठरतंय. तेलुगूत आत्याही अत्त, मामीही अत्त, सासूही अत्त. इंग्रजीत तिची आंटी झाली आणि बावाचा कझिन. मराठीत येताना आंटीची काकू आणि कझिनचा चुलतभाऊ! आईला वाचून दाखवलं. विड्या वळता वळता तिचा हात थांबला. "छी! काकाच्या पोराशी?" संपादकांना फोन केला, तर म्हणाले, "वाचकाला एवढं कुठे कळतंय?"

यात नारायणरावांचा काही दोष नाही. एलुरूच्या कॉलेजात शिकवलेला हा माणूस पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाला. समीक्षा तेलुगूत लिहिली, आणि डेव्हिड शुलमन यांच्या जोडीनं अन्नमय्या, पेद्दना, पिंगळी सूरन्ना हे जुने तेलुगू कवी इंग्रजीत आणले. क्षेत्रय्याच्या पदांना तर ए. के. रामानुजनही सोबत होते. पण ते सगळं इंग्रजी वाचणाऱ्यासाठी. तुम्ही त्याच्यावरून मराठी करणार म्हणजे उष्ट्याचं उष्टं.

त्यांनी इंग्रजीत केलेलं गुरजाड अप्पारावांचं 'कन्याशुल्कम्' हे तेलुगू नाटक घ्या. त्यातला गिरीशम् जागोजागी इंग्रजी फाडतो, शिष्याला "माय डियर शेक्सपियर" म्हणतो. सगळं नाटकच इंग्रजीत गेल्यावर तो फाडणार काय? कितीही मोठा अनुवादक असो, तिथे त्याचा इलाज नाही. आपल्याकडे मात्र सोपं आहे. शेवटी तो म्हणतो, "डामिट! कथ अड्डं तिरिगिंदि." मराठीत सरळ, "डॅमिट! कथा आडवी फिरली." शब्दाला शब्द बसतो. असला माल समोर असताना वळसा कशाला?

आता एक कबुली. आमचं तेलुगू मागावरचं. 16व्या शतकातला पेद्दना मलाही नारायणराव-शुलमन यांचं 2015चं पुस्तक शेजारी ठेवल्याशिवाय उलगडत नाही. त्यामुळे जुन्या काव्यासाठी त्यांचं इंग्रजी जरूर वापरा, पण कुंजी म्हणून. गद्य करायचं असेल तर तेलुगू घरातलं कुणीतरी शेजारी बसवा आणि निदान नाती विचारून घ्या.

त्या संपादकांना मी अजून दर दिवाळीला शुभेच्छा पाठवतो. खाली न चुकता लिहितो, काकूंना नमस्कार.