वाचकांचे प्रश्न : जंतूंचा संवाद आणि ताकाची नळी

प्रश्न : घातक जंतू एकमेकांशी रासायनिक भाषेत बोलतात आणि दह्या-ताकातील उपकारक जीवाणू हे बोलणे बंद पाडतात, असे एका जाहिरातीत वाचले. यात कितपत तथ्य आहे? आमच्याकडे बारा गायी आहेत. दूध काढण्याच्या यंत्राच्या नळ्यांत आतून जो बुळबुळीत थर धरतो, तो रसायनांऐवजी ताकाने निघेल का?
– एक दूध उत्पादक, सातारा जिल्हा

उत्तर : जाहिरातीचा पहिला भाग खरा आहे. अनेक जातींचे जंतू विशिष्ट रेणू बाहेर सोडतात. संख्या वाढत जाते तसे हे रेणू भोवताली साठतात आणि त्यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की सगळे जंतू एकदमच आपले वर्तन बदलतात, म्हणजे कोणी विष तयार करू लागतात, तर कोणी थर बांधू लागतात. समुद्रातील प्रकाशमान जीवाणूंमध्ये हा प्रकार नील्सन आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये दाखवला आणि १९९४ मध्ये त्याला ‘क्वोरम सेन्सिंग’ हे नाव मिळाले. क्वोरम म्हणजे आपल्या दूध संस्थेच्या सभेतली गणपूर्तीच. (फरक एवढाच की, गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरवण्याची सोय जंतूंना नाही.)

हा संवाद तोडण्याचे माझ्या मते सर्वांत भक्कम उदाहरण थायलंडमधले आहे. तेथील ग्रामीण भागातील २०० निरोगी माणसांच्या तपासणीत असे आढळले की, ज्यांच्या विष्ठेत बॅसिलस गटाचे, मुख्यतः बॅसिलस सब्टिलिस हे जीवाणू होते, त्यांच्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा रोगकारक जंतू मुळीच सापडला नाही. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बॅसिलस जीवाणू फेंजायसिन नावाचे पदार्थ सोडतात. त्यांची घडण स्टॅफिलोकॉकसच्या संदेश-रेणूशी मिळतीजुळती असल्यामुळे ते त्याच्या ग्राहकावर, म्हणजे संदेश टिपणाऱ्या जागेवर, जाऊन बसतात आणि खरा संदेश बाहेरच ताटकळतो. या संदेशाविना त्या जंतूला आतड्यात टिकता येत नाही. पुढे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ११५ निरोगी व्यक्तींपैकी ५५ जणांना महिनाभर रोज बॅसिलस सब्टिलिस आणि उरलेल्यांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. जीवाणू घेणाऱ्यांच्या विष्ठेतील स्टॅफिलोकॉकसचे प्रमाण ९६.८ टक्क्यांनी आणि नाकातील प्रमाण ६५.४ टक्क्यांनी घटले. गायीच्या कासदाहाला, म्हणजे दगडीला, कारण होणाऱ्या जंतूंपैकी हाही एक असल्याने आपल्याला त्यात विशेष रस वाटेल; पण ही चाचणी माणसांवरची होती, गायींवरची नव्हे.

जाहिरात घसरते ती यापुढे. बॅसिलस सब्टिलिस हा दह्याचा जीवाणू नाही. जपानचा नाट्टो, सिक्कीमचा किनेमा, नागालँडचा अखुनी हे सोयाबीन आंबवून केलेले पदार्थ त्याच्या करणीचे आहेत. दही लावतात ते लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू. ते शत्रूला रोखतात ते प्रामुख्याने आम्लाने, निसिनसारख्या जंतुरोधक प्रथिनांनी आणि जागा व अन्न आधीच बळकावून. याच गटातल्या लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलसच्या स्रावामुळे ई. कोलायच्या एका विषारी जातीतील रोगकारक जनुके मंदावतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण काचेच्या नळीतील या निष्कर्षावरून घरच्या ताकाविषयी ग्वाही देता येत नाही.

आणखी एक गोष्ट जाहिरातदार सांगत नाहीत. संवाद तोडणे आणि थर फोडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि स्टॅफिलोकॉकसच्या बाबतीत तर ती काही वेळा परस्परविरोधी ठरतात. हाच संवाद चालू असताना तो जंतू साबणासारखे काही पदार्थ तयार करतो आणि त्यांच्या साहाय्याने थरातून सुटून इतरत्र पसरतो. संवाद बंद पाडला तर विषे कमी होतात, पण थर अधिक जाड होऊ शकतो. दातांवरचे कीट असो की नळीतला बुळबुळीतपणा, एकदा थर पक्का झाला की आतले जंतू स्वतःच तयार केलेल्या चिकट गराच्या आडोशाला राहतात आणि तेथे औषधालाही सहजी पोचता येत नाही.

म्हणून नळ्यांत ताक मुळीच ओतू नये. ताकातली प्रथिने आणि स्निग्धांश नळीला चिकटून जंतूंना आयते खाद्यच मिळेल. बॅसिलसही तेथे उपकारक ठरत नाही. त्याचे बीजाणू पाश्चरीकरणाला दाद देत नाहीत आणि डेअरीतल्या नळ्यांत तो स्वतःच थर धरतो. दूध काढून झाल्याबरोबर नळ्या प्रथम कोमट पाण्याने खळखळून घ्याव्यात, कारण थंड पाण्याने स्निग्धांश गोठतो आणि फार गरम पाण्याने प्रथिने चिकटतात. नंतर अल्कली द्रावणाने स्निग्धांश व प्रथिने आणि अधूनमधून आम्ल द्रावणाने दुधाचा खार काढावा. मात्र ही दोन द्रावणे कधीही एकत्र करू नयेत. सडाच्या कपांतील रबरी लायनर उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावेत, कारण रबराला बारीक भेगा पडल्या की आत बसलेला थर कोणत्याच धुण्याने निघत नाही.