वाचकांचे प्रश्न : परदेशातील आपले अधिकारी करतात तरी काय?

प्रश्न : माझा पुतण्या सौदी अरेबियात रियाधजवळ एका बांधकाम कंपनीत कामाला आहे. कित्येक महिने पगार नाही आणि पासपोर्ट कफीलने, म्हणजे तेथील मालकाने, ठेवून घेतला आहे. दूतावासात फोन केला की ‘स्थानिक कार्यालयात तक्रार करा’ एवढेच उत्तर मिळते. ते अधिकारी त्याला सरळ विमानात का बसवून देत नाहीत? दिवसभर त्यांना काम तरी काय असते?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपला संताप रास्त आहे, परंतु तो काही अंशी चुकीच्या दारावर निघतो आहे. यजमान देशाच्या पोलिसांना दूतावासात परवानगीविना शिरता येत नाही हे खरे. मात्र फाटकाबाहेर आपल्या राजदूतालाही कोणावर हुकूम चालवता येत नाही. तेथील कायदे पाळावेत आणि अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करू नये, असे बंधन राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारानेच घातलेले आहे. सौदीतून बाहेर पडण्याचा परवाना सौदी यंत्रणा देते. त्यामुळे दूतावासातील अधिकाऱ्याच्या हाती उरते ते पत्र लिहिणे, भेट मागणे, दुभाषा पुरवणे, मालकाला चर्चेला बोलावणे आणि पुन्हा पत्र लिहिणे. हे काम संथ असते, आणि फोनवरचे कोरडे उत्तर ते आणखीच संथ भासवते, हेही मान्य केले पाहिजे.

पुतण्याला एक गोष्ट आजच सांगा : चिडून कामाची जागा सोडू नये. मालकाने ‘हुरूब’ नोंदवला, म्हणजे कामगार पळून गेल्याची तक्रार केली, की पगार थकवणारा बाजूला राहतो आणि कामगारच बेकायदा ठरतो. मग परतीचा मार्ग बहुधा तरहीलमधून, म्हणजे हद्दपारीच्या केंद्रातून जातो. त्याने इकामा (तेथील वास्तव्याचा परवाना), करारपत्र आणि जुन्या पगाराच्या नोंदी यांची छायाचित्रे आपल्याकडे पाठवावीत, तेथील कामगार खात्याकडे रीतसर दावा दाखल करावा, आणि आपण येथून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, आणि तो मालकाने अडकवून ठेवणे सौदी नियमांतही बसत नाही. हा मुद्दा अर्जात अवश्य लिहावा. पासपोर्ट मिळालाच नाही तर दूतावास केवळ मायदेशी परतण्यापुरते तातडीचे प्रमाणपत्र देऊ शकतो, पण त्यावरही बाहेर पडण्याचा सौदी परवाना लागतोच.

दिवसभराच्या कामाविषयी म्हणाल, तर सकाळ स्थानिक वृत्तपत्रे वाचण्यात आणि दिल्लीला पाठवायच्या अहवालांत जाते. खिडकीवर पासपोर्टचे नूतनीकरण, मुखत्यारपत्रे आणि साक्षांकनासाठी रांग असते. कोणी तुरुंगात भारतीय कैद्यांना भेटायला, तर कोणी तरहीलमध्ये प्रमाणपत्रे द्यायला गेलेला असतो. रियाधमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि दिल्लीत शनिवार-रविवार, म्हणून दोन्हीकडची कार्यालये उघडी असतात असे दिवस आठवड्यात चारच; मंत्रालयाचा फोन मात्र शुक्रवारीही येतो.

सर्वांत जिकिरीचे काम मृत्यूनंतरचे. रुग्णालयाचा दाखला, पोलिसांचे ना-हरकत पत्र, गावाकडून वारसांचे संमतीपत्र, पासपोर्ट रद्द केल्याची नोंद, मृतदेहावर रासायनिक प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र आणि मग विमानातील जागा, या साखळीतला एक कागद अडला तरी मृतदेह शवागारात पडून राहतो. मालकाने खर्च नाकारला, तर २००९ मध्ये उभारलेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजू कुटुंबाला मदत करता येते. पगार बंद पडून छावण्यांत अडकलेल्या कामगारांना २०१६ मध्ये जेद्दाहच्या वाणिज्य दूतावासाने तेथील भारतीयांच्या साहाय्याने धान्य वाटले होते. समारंभांतील छायाचित्रे छापून येतात, हे काम सहसा येत नाही.

प्रश्न : राजनैतिक अधिकाऱ्यांना तेथील कायदा लागूच नसतो म्हणतात. मग अमेरिकेत आपल्या अधिकाऱ्याला अटक कशी झाली?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कायदा लागू असतोच, फक्त अटक आणि खटल्यापासून संरक्षण असते, आणि तेही सर्वांना सारखे नसते. दूतावासातील राजनैतिक अधिकाऱ्याला ते जवळजवळ संपूर्ण मिळते. वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्याला मात्र १९६३ च्या दुसऱ्या व्हिएन्ना करारानुसार मुख्यतः पदाच्या कामापुरतेच मिळते, आणि डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासातील देवयानी खोब्रागडे यांना झालेल्या अटकेच्या प्रकरणात वादाचे मूळ याच फरकात होते. शिवाय हे संरक्षण व्यक्तीचे नसून देशाचे असते. तिचे सरकार ते काढून घेऊ शकते, आणि यजमान देश कारण न देता अधिकाऱ्याला परत पाठवू शकतो. मारेकऱ्यांपुढे या संरक्षणाचा उपयोग नसतो. आपल्या शहरातील म्हात्रे पूल ज्यांच्या नावाचा आहे, ते रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅम येथे भारताचे अधिकारी होते आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली.

प्रश्न : मुलीला भारतीय विदेश सेवेत जायचे आहे. संसार आणि ही नोकरी जमते का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : जमते, पण फुकट जमत नाही. दिल्लीतील प्रशिक्षणानंतर तिला एक परकी भाषा सक्तीने शिकावी लागेल, आणि तिच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याशिवाय सेवेत कायम होता येत नाही. ही निवड हलक्यात घेऊ नये, कारण अरबी किंवा चिनी शिकलेल्या अधिकाऱ्याची पुढील वर्षांतली नेमणूक पुष्कळदा त्या भाषेच्या प्रदेशात होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली, मुलांची शाळा आणि अभ्यासक्रम बदलणे, आईवडिलांच्या आजारपणात हजारो मैल दूर असणे हे गृहीत धरावे. इंग्रजी माध्यमाची किंवा मोठ्या शहराची अट मात्र मनातून काढून टाकावी. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट या गावातून आलेले ज्ञानेश्वर मुळे मालदीवमध्ये उच्चायुक्त आणि न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत झाले.

स्त्रियांविषयी एक जुना नियम होता : विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात अडथळा आल्यास राजीनामा मागितला जाऊ शकेल. पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी त्यासह बढतीतील भेदभावाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा नियमांवर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. आज ती अट नाही. खरी अडचण आता जोडीदाराच्या नोकरीची आहे. राजनैतिक पासपोर्टवर गेलेल्या पतीला अनेक देशांत काम करता येते ते दोन्ही देशांत तसा करार असेल तरच, आणि त्या कामापुरते त्याचे दिवाणी संरक्षणही उरत नाही. म्हणून मुलीच्या लग्नाचा विचार कराल, तेव्हा होणाऱ्या जावयाला हा प्रश्न आधीच स्पष्टपणे विचारावा.