बाराखडी तोंडपाठ, पण ‘नळ’ वाचता येत नाही

सर, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, तुमच्याकडे दुसरी-तिसरी एकत्र, मुलं घरी अहिराणी ही खानदेशी बोली बोलतात. बाराखडी घडाघडा म्हणतात, फळ्यावरचं वहीत उतरवतात, पण न शिकवलेला शब्द समोर आला की गप्प. दिवाळीनंतर निपुणची, म्हणजे मुलांना समजून वाचता-लिहिता यावं म्हणून चाललेल्या सरकारी अभियानाची, चाचणी आहे, तर सगळ्यांना पुन्हा ‘क’पासून गिरवायला लावू का?

नका लावू. मीही खानदेशातच पहिली ते चौथी शिकवते आणि दर जूनला अशी मुलं समोर येतात. त्यांना अक्षरं येत नाहीत असं नसतं. अक्षराला अक्षर जोडून शब्द ऐकू येणं, हे त्यांच्याकडून कुणी करवूनच घेतलेलं नसतं. बाराखडी हे त्यांच्यासाठी एक गाणं आहे. ‘कि’ कुठली विचारलं तर पोरगं मनात ‘क का’ म्हणत तिथवर चालत येतं. छत्तीस व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे ४३२ आकार झाले (आता ॲ, ऑ धरून चौदाखडी आहे, म्हणजे आणखी वाढले). एवढे सुटे पाठ करायची गरजच नाही. काना ‘क’ला लागला काय नि ‘म’ला लागला काय, आवाज तोच, एवढं कळलं की पुरे.

आधी एकेकाला व्हरांड्यात बोलवा. मुलामागे पाच मिनिटंही लागत नाहीत. अक्षरं क्रमाने विचारू नका. म, त, घ, ळ अशी उलटसुलट विचारा. मग बिनकान्यामात्रेचे दोन अक्षरी शब्द, मग मात्रांचे शब्द, मग चार ओळींचा उतारा. पुस्तकातलं चित्र हाताने झाका, कारण कमळाच्या चित्रावरून ‘कमळ’ सगळेच वाचतात. यातून तीन-चार गट आपोआप पडतील आणि ते इयत्तेप्रमाणे पडणार नाहीत. तिसरीतला मुलगा दुसरीतल्यांबरोबर बसला तर बसू द्या, फक्त गटाला ‘कच्चा’ म्हणू नका. पोरं ते नाव लगेच पकडतात.

आता जोडण्याबद्दल, कारण खरी गाठ इथे आहे. मूल ‘क… म… ळ…’ असं तोडून वाचतं, तिन्ही अक्षरं बरोबर असतात, तरी त्याला कमळ ऐकू येत नाही. आपण बोलताना शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ गिळतो, मूल मात्र तो पूर्ण उच्चारतं, आणि तसा शब्द त्याने जन्मात ऐकलेला नसतो. म्हणून सुरुवात पाटीशिवाय, कानाने करा. तुम्ही ‘न–ळ’ असं तोडून म्हणायचं, मुलांनी जोडून ‘नळ’ सांगायचं. घर, वड, रथ. मग उलट: तुम्ही ‘कान’ म्हणा, त्यांनी तोडून दाखवावं. रोज परिपाठानंतर थोडा वेळ हा खेळ घ्या. अहिराणी शब्दही घाला, वर्ग एकदम जागा होतो.

त्यानंतर अक्षरं थोडी घ्या, पण लगेच वापरता येतील अशी. क, म, न, र, त, ळ आणि सोबत काना. एवढ्यातून कान, नाक, मान, काम, मका, माळ, मळा, रान, तारा निघतात. ‘नाना रानात. तारा रानात. मका रानात.’ हे वाक्य साहित्य म्हणून काही थोर नाही, पण पोराने ते स्वतः वाचलेलं असतं. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनावर जे काम उभं केलं, त्यात वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरांचे गट करण्यावर असाच भर आहे. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. एक पक्कं बसल्यावर दुसरं आणा. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतल्या ‘च’चे आवाज वेगळे आहेत हेही समजावत बसू नका, शब्द ओळखीचा असला की मूल स्वतःच सुधारून घेतं.

लेखन मात्र वाचन येईपर्यंत थांबवू नका. आपल्याकडे लेखन म्हणजे शुद्धलेखनाचं एक पान. एकदा मुलांच्या मागे उभं राहून बघा. ‘घर’ दहा वेळा लिहायला दिलं की पोरगं आधी वरपासून खालपर्यंत दहा ‘घ’ लिहितं, मग पुन्हा वर जाऊन दहा ‘र’. कारखान्यातलं काम उरकल्यासारखं. पान भरतं, अक्षर सुंदर येतं, आणि ‘घर’ हा शब्द त्याने एकदाही लिहिलेला नसतो. त्याऐवजी पाच शब्द सांगा आणि न बघता लिहू द्या. चुकेल, पण लिहिताना तो ओठ हलवत आवाज शोधतो, आणि वाचायला लागतं तेच. पहिली वेलांटी आधी काढायची पण आवाज नंतर, हेही लिहूनच बसतं. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर द्यायला लावा: एक रेघ, एक शब्द. शब्दांमध्ये जागा सोडण्याची कटकट बरीच कमी होते.

आणि मुलांचं स्वतःचं लिहा. रोज एकाने एक बातमी सांगायची, तुम्ही ती त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायची. ‘मनी माय बजारमा गयी.’ सगळ्यांनी बोट ठेवून वाचायचं. खाली दुसऱ्या रंगाच्या खडूने ‘माझी आई बाजारात गेली.’ मुलं स्वतःच शोधतात की ‘मा’च्या जागी ‘त’ आला. श्रावणात कानबाईच्या रोटांनंतर, म्हणजे खानदेशातल्या त्या देवीच्या सणानंतर तर बातम्या आवरत नाहीत. पुस्तक वाचताना एखादी मुलगी ‘घरात’ला ‘घरमा’ म्हणाली किंवा ‘आहे’ला ‘शे’, तर तिथे टोकू नका. तिला अर्थ कळला म्हणूनच ती घरच्या भाषेत गेली. ‘घरात’ला ‘घरटं’ वाचून पुढे जाणाऱ्या मुलाची काळजी जास्त करा, तो पहिलं अक्षर बघून अंदाज मारतोय.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही: दुसरीत लाल पेन बाजूला ठेवा. ‘पाणि’ लिहिणाऱ्याला पाणी लिहायचं होतं हे कळतंय ना? तिसरीत एकच नियम द्या, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. निम्म्याहून जास्त चुका तिथेच संपतात. जोडाक्षरंही आत्ता नकोत. ‘र’ची सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या ही रूपं चौथीतल्यांनाही अडवतात.

चाचणीचं म्हणाल तर निपुणचं लक्ष्य तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, समजून, असं आहे. त्यातलं ‘समजून’ लोक विसरतात आणि मोबाइलवर वेळ लावून बसतात. मग पोरं धडधड वाचतात आणि गोष्टीत कोण होतं विचारलं की तोंडाकडे बघतात. वेग वाढवायचा तर तोच सोपा उतारा तीन-चार दिवस वाचू द्या, तिसरीतल्याने दुसरीतल्याला वाचून दाखवू द्या. तुम्हीही रोज एक गोष्ट मोठ्याने वाचा. मुलं एकमेकांना वाचून दाखवतात तेव्हा तुम्हाला दुसरा गट सांभाळायला वेळ मोकळाही मिळतो.

वह्या कोऱ्या दिसतात म्हणून केंद्रप्रमुख किंवा पालक विचारतीलच. फळ्यावरच्या बातम्या एका जाड वहीत तारीख घालून उतरवून ठेवा, ती पुढे करा. आई-वडिलांसमोर पोराला त्यातलं एक पान वाचायला लावलंत की वहीचा विषय पुन्हा निघत नाही. अक्षरगटांप्रमाणे शब्दांच्या याद्या माझ्याकडे तयार आहेत, हव्या असतील तर इथेच टाकते. आधी तुमचे गट कसे पडले ते कळवा.