चित्रकलेतलं काही कळत नसेल तर व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमला जावं का?

जावं. आणि आईवडिलांना घेऊनच जावं.

तुम्ही लिहिलंय की व्हिएन्नात दीड दिवस हातात आहे, बरोबर सत्तरीतले आईवडील आहेत, घरात चित्रकलेतलं कुणाला काही समजत नाही, मग तिकिटाचे पैसे आणि अर्धा दिवस तिथे घालवण्यात अर्थ आहे का, आणि 'त्यांना त्यातलं काय कळणार'. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. अगदी हेच शब्द माझ्या मोठ्या भावाने व्हिएन्नाच्या हॉटेलात, आईच्या समोर उच्चारले होते.

मी म्युनिकला राहते. आई डिसेंबरात माझ्याकडे आली होती, दादा-वहिनी पुण्याहून आले होते, आणि आम्ही सगळे रेल्वेने व्हिएन्नाला गेलो. आई माण तालुक्यातली. शाळा चौथीपर्यंत, त्यानंतर सगळं आयुष्य रान, गुरं आणि आम्ही दोघं. दादाचं म्हणणं, आईला शोनब्रुनचा राजवाडा दाखवू, फोटो छान येतात, म्युझियममध्ये ती कंटाळेल. आई काहीच बोलली नाही. मी म्हटलं, तुम्ही दोघं राजवाड्याला जा, आई माझ्याबरोबर येईल. तिथून जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

हे म्युझियम 1891 साली उघडलं. हाब्सबुर्ग राजघराण्याने पिढ्यान् पिढ्या जमवलेला खजिना ठेवण्यासाठी ते मुद्दाम बांधलं होतं. समोर अगदी तश्शीच दुसरी इमारत आहे, ते निसर्गविज्ञानाचं म्युझियम, आत शिरण्याआधी पाटी बघा. आतला संगमरवरी जिनाच बघत राहावा असा आहे. मधोमध इटालियन शिल्पकार कानोव्हाने घडवलेला, ग्रीक पुराणातल्या थीसियस या वीराचा पुतळा दंडुका उगारून उभा आहे, आणि वर खांबांच्या मधल्या जागांत व्हिएन्नाचाच चित्रकार क्लिम्ट याने तरुणपणी रंगवलेली चित्रं आहेत. आई दर चार पायऱ्यांनी थांबत होती. मला वाटलं, दम लागलाय. ती फरशी बघत होती.

मी तिला सरळ पहिल्या मजल्यावर ब्रॉयगलच्या दालनात नेलं. पीटर ब्रॉयगल, थोरला, सोळाव्या शतकातला नेदरलँड्सकडचा चित्रकार. त्याची सगळ्यात जास्त चित्रं एका जागी जगात कुठे असतील तर इथे, बारा. दालनाच्या मधोमध गुबगुबीत सोफे आहेत. तिथे तिला बसवलं, स्वेटर काढून मांडीवर ठेवला, आणि ठरवलं की आपण काही समजावून सांगायचं नाही.

समोर 'शेतकऱ्याच्या घरचं लग्न' हे चित्र होतं, साधारण 1567 सालचं. लांब टेबलावर पंगत बसली आहे आणि पुढे दोघं जण लापशीची वाडगी भरून आणतायत. थोड्या वेळाने आई उठून जवळ गेली.

"अगं, हे दार हाय," ती म्हणाली. "वाढप्यांनी दार काढून आणलंय ताटासारखं."

मी याआधी दोनदा ते चित्र बघितलं होतं. मला ती फळी वाटली होती. ते खरोखरच दार आहे, खाली दोन दांडे घालून उचललेलं. आईने लगेच सांगितलं की मामाच्या लग्नात परात पुरेना म्हणून बाजेवर धुतलेलं धोतर अंथरून त्यावर भाताचा ढीग घातला होता. लग्नघरात भांडी नेहमीच कमी पडतात, ती म्हणाली, मग जे हाताला लागेल ते घ्यायचं.

पुढे ती दाखवत गेली आणि मी बघत गेले. मागची भिंत म्हणजे धान्याच्या पेंढ्यांची गंजी आहे. "सुगी झाल्यावरचं लगीन हाय," आई म्हणाली. हिरव्या कापडापुढे हात जुळवून बसलेली ती नवरी. "ती काय खाईना." नवरीच्या डोक्यावर मागे कागदाचा मुकुट टांगलेला आहे. नवरदेव कोणता यावर जाणकारांचंही एकमत नाही, आईलाही तो सापडला नाही. मग तिचं बोट पिपाणी-पिशवी, म्हणजे बॅगपाइप, वाजवणाऱ्या दोघांकडे गेलं. त्यातला एक जण वाजवायचं सोडून वाडग्यांकडे टक लावून बघतोय. आई जरा वेळ गप्प होती. "वाजंत्र्यांची पंगत शेवटाला," ती म्हणाली. "भूक लागलीया त्याला."

तेवढ्यात पहारेकरी बाई आल्या, कारण आईचं बोट चित्राच्या फार जवळ गेलं होतं. त्यांनी हाताने मागे सरा अशी खूण केली, तशी आईने दोन्ही हात पाठीमागे बांधले ते तासभर सोडले नाहीत.

त्याच दालनात 1565 सालच्या ऋतूंच्या मालिकेतली तीन चित्रं आहेत. अँटवर्पच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने ती आपल्या घरासाठी करून घेतली होती. आज पाचच उरली आहेत, बाकीच्यांतलं एक प्रागला आणि एक न्यूयॉर्कला. 'बर्फातले शिकारी' सगळ्यांना माहीत असतं, त्यापुढे गर्दी असते. आईने तिथेही एवढंच बघितलं की तिघा शिकाऱ्यांना मिळून एकच कोल्हा मिळालाय, कुत्र्यांच्या माना खाली आहेत, आणि लांब पुलावरून कुणीतरी मोळी घेऊन चाललंय. पण तिला धरून ठेवलं ते 'गुरं परततात' या चित्राने. शरद ऋतू, आभाळ काळवंडलेलं, डोंगरावरून गुरं गावाकडे निघालीत, मागे हाकणारे लोक. बहुतेक गुरं पाठमोरी.

आई म्हणाली, "मागनं बघितलंय त्यानं. हाकणाऱ्याला गुरं मागनंच दिसत्यात."

मी चित्रांवरची पुस्तकं वाचलेली नाहीत. पण चित्रकार कुठे उभा आहे हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही.

आम्ही त्या एका दालनात पावणेदोन तास होतो. संध्याकाळी दादाला हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, शेतातली गुरं बघायला एवढ्या लांब यायची काय गरज होती. हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही. आईला साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी माणसाने तिचंच काम इतक्या लक्षपूर्वक बघितलेलं दिसलं. तिचं काम इतकं निरखून आमच्या घरात कुणी बघितलं नव्हतं, मी धरून. 'तिला काय कळणार' असं म्हणणाऱ्याला ती काय काय बघते हे माहीत नसतं, कारण त्याने तिला कधी विचारलेलंच नसतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. किती वेळ लागतो? सगळं बघायचं तर दोन दिवसही पुरणार नाहीत, म्हणून ते मनात आणूच नका. अडीच तास धरा, त्यातला निम्मा ब्रॉयगलला द्या. 1563 सालचा 'बाबेलचा मनोरा', म्हणजे बायबलातल्या आभाळाला भिडणाऱ्या मनोऱ्याचं चित्र, तिथेच आहे, त्यातले गवंडी, ओझी उचलायच्या याऱ्या आणि दगड घडवणारे बघा. वडील बांधकामात असतील तर त्यांना तिथून हलवू नका. मग डच चित्रकार फेर्मीरचं 'चित्रकला' हे चित्र बघा आणि घुमटाखालच्या कॅफेत चहा घ्या. पायात बळ उरलं तर तळमजल्यावर चेल्लिनी या इटालियन सोनाराने घडवलेलं सोन्याचं मीठदान आहे. ते 2003 साली चोरीला गेलं होतं आणि 2006 साली जंगलात पेटीत पुरलेलं सापडलं. ऑडिओ गाईड घेऊ नका. कानात कुणी बोलत असलं की आईवडील तुमच्याशी बोलत नाहीत.

हे आधी सांगायला हवं होतं: सोमवारी म्युझियम वर्षातले बरेच महिने बंद असतं, गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. 19 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. जिन्याचा त्रास होत असेल तर लिफ्ट आहे, विचारा. चित्रं कधी कधी दुसऱ्या प्रदर्शनांना पाठवतात, तेव्हा जाण्याआधी वेबसाइट बघून घ्या. आणि वडिलांना खरंच यायचं नसेल तर ओढून नेऊ नका. पण आधी त्यांना विचारा, त्यांच्या वतीने ठरवू नका.

दादा हे वाचेल, त्याला मी लिंक पाठवणार आहे. दादा, पुढच्या खेपेला राजवाडा राहू दे, आमच्याबरोबर वर ये. ती गुरं तुलाही ओळखू येतील. सातवीपर्यंत दिवस मावळताना ओढ्याकडून आपली गुरं तूच हाकून आणायचास.