मंडळीला की मंडळींना?

नागपुरात सीताबर्डीवरील एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, एका ख्रिस्ती विवाहाच्या उपासनाक्रमाची पुस्तिका तपासताना त्यांना बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्राचा निर्देश करणारी ‘करिंथ येथील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र, अध्याय १३’ अशी ओळ आढळली. हा नजरचुकीचा प्रकार समजून त्यांनी तेथे ‘मंडळींना’ असे केले. पाळकांनी मात्र दुसऱ्या प्रुफावर ‘मंडळीला’ हेच पुन्हा लिहून पाठवले. बरोबर कोणते, आणि सरळ ‘चर्चला’ असे का लिहीत नाहीत?

पाळकांचे बरोबर आहे. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘मंडळी’ हा शब्द मोठा लबाड आहे. ‘सगळी मंडळी जेवायला बसली’ या वाक्यात तो स्त्रीलिंगी एकवचनासारखा वागतो, पण विभक्ती लागली की बहुवचनाकडे झुकतो आणि आपण ‘मंडळींना पाणी द्या’ असे म्हणतो, कारण तेव्हा डोळ्यांसमोर माणसे असतात, गट नसतो. जुन्या मराठीत गट या अर्थीचे एकवचन मात्र चांगलेच रुळलेले होते. १८८० साली पुण्यात स्थापन झालेली ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ ही एक संस्था होती. तिच्यासारख्या अनेक निघाल्या तेव्हा लोक ‘नाटक मंडळ्या’ म्हणू लागले. मराठी बायबलने हाच वापर टिकवून ठेवला आहे, म्हणून करिंथ या ग्रीक नगरातील ख्रिस्तीजनांचा समुदाय ही एक ‘मंडळी’ असते आणि गलतीया प्रांतातील अनेक गावांना मिळून एकच पत्र लिहायचे झाले की ‘मंडळ्या’ होतात.

‘मंडळी’साठी बायबलमधील मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. ग्रीक नगरांत नागरिकांच्या जाहीर सभेलाही हेच नाव होते, आणि बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात इफिसच्या नगरसभेसाठी तो तसाच आलेला आहे. मग मराठीत ‘सभा’ का नको? सभा संपते आणि माणसे घरी जातात. ‘समाज’ म्हटले की जन्माने मिळालेली जात डोकावते. आणि ‘मंडळ’ म्हटले की आज एस.टी. आठवते. ‘चर्च’ हा शब्द तर ‘प्रभूचे’ अशा अर्थाच्या दुसऱ्याच ग्रीक शब्दावरून आलेला आहे आणि तो ऐकताच नागपुरातील सदर भागातली इमारत समोर उभी राहते. गंमत अशी की, वसईकडे प्रचलित असलेला ‘इगर्जी’ हा शब्द पोर्तुगीजमार्गे थेट ‘एक्लेसिया’वरूनच आला, पण तोही शेवटी इमारतीचेच नाव होऊन बसला.

पौलाने पत्रे लिहिली तेव्हा अशी इमारत कोठेच नव्हती. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरात जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. फिलेमोनाला त्याच्या ओनेसिम नावाच्या दासाविषयी लिहिलेले पत्र तर अगदी खासगी वाटते, पण तेही फिलेमोनाच्या घरी जमणाऱ्या मंडळीला उद्देशून आहे; म्हणजे ओनेसिमाला यापुढे दास म्हणून नव्हे तर भाऊ म्हणून स्वीकार, ही विनंती धन्याने एकट्याने वाचून बाजूला ठेवण्याजोगी राहिली नाही.

करिंथच्या पत्रात या एकवचनाचा खरा कस लागतो. तेथे कोणी ‘मी पौलाचा’ म्हणत होते, तर कोणी ‘मी अपुल्लोसाचा’, म्हणजे दुसऱ्या एका उपदेशकाचा. प्रभुभोजनासाठी एकत्र जमल्यावरही जो तो आपले जेवण आधीच उरकून घेई, त्यामुळे एक भुकेला राही आणि दुसरा पिऊन झिंगे. यावर पौल त्यांना सांगतो की, एकमेकांसाठी थांबा. शेवटच्या पानापर्यंत वाढून झाल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही, हा पंगतीचा नियम पाळणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. जो भुकेल्याला लाजवतो तो देवाच्या मंडळीला तुच्छ मानतो, असे पौल म्हणतो. येथे ‘मंडळींना’ केले तर अपमान चार-दोन माणसांपुरता उरतो. याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘तुम्ही देवाचे मंदिर आहात’ असे आहे. मराठी वाचक ते ‘तुम्ही’ सहज आदरार्थी समजून स्वतःपुरते घेतो, पण ग्रीकमध्ये ते अनेकवचन आहे: माणसे पुष्कळ, मंदिर एक.

नागपूरकरांना या एकवचनाचे एक जवळचे उदाहरण आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या चर्चसंघटना एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले ते याच शहरात.

एक खुलासा राहिला. जुन्या वळणाचे गृहस्थ पत्नीला ‘आमची मंडळी’ म्हणतात, आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती पतींनी पत्नीवर करावी असे सांगितले आहे. हा योग केवळ मराठीचा आहे. त्यावरून व्युत्पत्ती काढू नये.

तेरावा अध्याय प्रीतीचा म्हणून विवाहात वाचतात, पण प्रीती सहनशील असते हे पौलाने मुळात नवरा-नवरीला नव्हे, तर पंगतीत न थांबणाऱ्या त्या मंडळीला सांगितले होते. म्हणून पुस्तिकेतील ती ओळ पाळकांनी पाठवली तशीच छापावी. पुस्तिकेच्या शेवटी भोजनाचे निमंत्रण असेल, तर तेथे मात्र ‘मंडळींनी जेवल्याशिवाय जाऊ नये’ हेच योग्य.