मुलीला स्मृतिभ्रंशाची (डिमेन्शियाची) न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूविकारांची डॉक्टर, व्हायचं तर किती वर्षं लागतात?

बारावीनंतर साडेअकरा तरी धरा: इंटर्नशिपसह एमबीबीएस साडेपाच, एमडी मेडिसिन तीन, मग नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन डीएम न्यूरॉलॉजी, म्हणजे या विषयाची सुपरस्पेशालिटी पदवी, तीन. प्रवेश परीक्षांच्या तयारीत गेलेली वर्षं वेगळी, फेलोशिप, म्हणजे पुढचं खास प्रशिक्षण, तेही वेगळं.

पण मुलीला नुसती वर्षं सांगू नका, काम कसं असतं तेही सांगा. मेंदूची तपासणी म्हणून पेशंटला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावतात, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर. आजोबा गोल सुरेख काढतात आणि सगळे आकडे उजवीकडेच दाटीनं लिहितात. शेजारी बसलेल्या सुनेचा चेहरा उतरतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा दोष निघाला तर विसरभोळेपणा कमी होऊ शकतो, म्हणून ते आधी तपासायचं. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध नाही. तिथे निम्मं काम घरच्यांना धीर देण्याचं. तिला माणसांशी तासन्‌तास बोलायला आवडत असेल, तर जरूर पाठवा.